कोरा रकाना

आमच्या शाळेत एक वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर उर्दूत 'बारिश की कापी' असे लिहिलेले आहे. मी या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवू लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१४ च्या जूनमध्ये, ही वही सुरू झाली. एक भरली की दुसरी शिवायची, असे करत आता तिचे पाच भाग झाले आहेत. मैदानाच्या कोपऱ्यात, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, फायबरचे एक पर्जन्यमापक पुरलेले आहे. त्याचे तोंड जमिनीपासून तीस सेंटीमीटर उंचीवर येते. आठवीची मुले-मुली आळीपाळीने सकाळी साडेआठला तिथे जातात, आतले पाणी मोजपात्रात ओततात आणि आकडा वहीत लिहितात. रविवारी हे काम शाळेचे शिपाई करतात, त्यांना सगळेच चाचा म्हणतात.

साडेआठच का, असे मुले दरवर्षी विचारतात. मी सांगते, आपल्या देशात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तिथेच दुसरा सुरू होतो. हवामान खात्याची ती रीत आहे. मुलांना याची फार मौज वाटते. आपल्या घरी तारीख मगरिबला बदलते, भिंतीवरच्या कॅलेंडरात मध्यरात्री बदलते, आणि पावसाची ही तिसरीच तऱ्हा!

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर पाऊस पडतो. म्हणजे आमच्या वहीत शून्येच जास्त. पण शून्य लिहायलाही शिकवावे लागते, हे मला या वहीने शिकवले. रकान्यात तीन प्रकारच्या खुणा येऊ शकतात. पात्र पाहिले आणि ते कोरडे होते, तर शून्य. थेंब पडल्याचे दिसते, पण मोजण्याइतके पाणी नाही, मिलीमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे, तर 'किंचित'. आणि कोणी पाहिलेच नाही, तर आडवी रेघ. मुलांना पहिल्या दोन खुणा चटकन समजतात. रेघ मात्र पचत नाही. रेघ म्हणजे आपली चूक पकडली गेली असे त्यांना वाटते. एक मुलगा मला म्हणाला होता, "टीचर, शून्य लिहिले तर कोणाला कळणार आहे?"

कोणालाही कळणार नाही, हे खरेच होते. म्हणून तर हा लेख लिहायला बसले.

पंढरपुरात शाळेला दरवर्षी एक सुट्टी ठरलेली असते. आषाढी वारीच्या दिवसांत गाव माणसांनी भरून जाते, रस्ते बंद होतात, शाळा बंद राहतात. त्यामुळे आमच्या वहीत दर आषाढीला चार-पाच रेघा असतात. आता समजा, आम्ही त्या रेघांच्या जागी शून्ये लिहिली असती. शंभर वर्षांनी कोणी अभ्यासकाने ही वही उघडली, तर त्याने निष्कर्ष काढला असता की एकविसाव्या शतकात पंढरपुरावर ऐन आषाढीत थेंबही पडत नसे. प्रत्यक्षात वारकरी भिजत उभे असतात आणि आमची अम्मी त्यांच्यासाठी व्हरांड्यात सतरंज्या टाकत असते.

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्यांच्या जतनाचे वर्ष म्हणून पाळले. त्यानिमित्त वर्गात हिमनदीचा पाठ जरा विस्ताराने घ्यावा असे मनात आले. अडचण अशी की माझ्या विद्यार्थ्यांनी बर्फ पाहिला आहे तो यात्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर आणि लग्नाच्या मांडवात. नदी म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर चंद्रभागा येते, आणि तीही उन्हाळ्यात वाळूची. बर्फाची नदी, आणि ती चालते, हे सांगताना माझी मलाच शंका येत होती. म्हणून मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता आपल्या शेजारच्या गोव्यात जाऊन पोहोचले.

वास्को शहराजवळ सडा नावाचे पठार आहे, खाली मुरगाव बंदर आणि समोर समुद्र. नारळाच्या आणि दमट हवेच्या त्या मुलखात आपल्या देशाचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमांची आखणी तिथून होते, आणि २००७ पासून उत्तर ध्रुवाकडच्याही. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहात न्यू आलेसुंड नावाची एक वस्ती आहे. तिथे १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' हे भारताचे केंद्र सुरू झाले. जागा जवळजवळ एकोणऐंशी उत्तर अक्षांशावर, ध्रुवापासून सुमारे बाराशे किलोमीटर. आपले पंढरपूर साडेसतराच्या आसपास. ही वस्ती पूर्वी कोळशाच्या खाणीची होती. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. ज्या गावातून जाळण्यासाठी कोळसा निघत होता, त्याच गावात आज अनेक देशांचे लोक तापलेल्या हवेची आणि वितळणाऱ्या बर्फाची नोंद ठेवायला राहतात. यावर जास्त काही बोलायची गरज नाही.

त्या वस्तीजवळच्या एका हिमनदीचे नाव ऑस्ट्रे ब्रॉगरब्रेन. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने १९६७ पासून तिचा जमाखर्च मांडला आहे. शेजारच्याच वेस्त्रे ब्रॉगरब्रेनवर आपल्या गोव्याच्या केंद्राचे लोक काम करतात. पद्धत ऐकली तर नवल वाटेल, इतकी ती साधी आहे. बर्फात खोल भोक पाडून काठ्या रोवायच्या. हिवाळा संपताना जाऊन वर किती हिम साठले ते पाहायचे, खड्डा खणून त्या हिमाचे वजन काढायचे. उन्हाळा संपला की पुन्हा जायचे आणि काठी किती उघडी पडली ते मोजायचे. काठी मीटरभर जास्त उघडी पडली, तर तेवढा बर्फ पाणी होऊन गेला. हिवाळ्याची मिळकत, उन्हाळ्याचा खर्च, आणि खाली शिल्लक. वाण्याच्या दुकानातला हिशेब याहून वेगळा नसतो. १९६७ पासूनच्या त्या हिशेबात जवळजवळ प्रत्येक वर्षी खर्चच जास्त निघाला आहे.

पण काठी फक्त किती गेले ते सांगते. का गेले, ते सांगायला हवेची नोंद लागते. म्हणून हिमनदीच्या पाठीवर स्वयंचलित हवामान केंद्र उभे करतात. एका लोखंडी तिवईवर उपकरणे बसवलेली असतात: तापमानाचे, आर्द्रतेचे, वाऱ्याचे, वरून येणाऱ्या आणि बर्फावरून परत फिरणाऱ्या उन्हाचे. एक उपकरण खाली ध्वनी सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून बर्फाचा पृष्ठभाग किती खाली गेला ते ओळखते. माणूस तिथे रोज जाऊ शकत नाही. तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलांच्या भीतीने बंदूक बरोबर ठेवावी लागते. आपले शास्त्रज्ञ पूर्वी बहुतेक उन्हाळ्यातच जात. कडाक्याच्या हिवाळ्यातही हिमाद्रीत राहण्याची पहिली मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये निघाली.

इथे एक गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली. आमचे पर्जन्यमापक घट्ट जमिनीत पुरलेले आहे. हिमनदीवरची तिवई मात्र ज्या बर्फावर उभी आहे, तोच बर्फ वितळतो. तिवई कलते. पायाखालचा पृष्ठभाग दर उन्हाळ्यात खाली जातो, म्हणून उपकरणाची उंचीही बदलते. उपकरणावर बर्फ साचला की वाऱ्याचे चक्र थांबते, आणि वारा असूनही आकडा शून्य येतो. आमच्या मुलाच्या त्या शून्याची मला इथे आठवण झाली. अंधाराच्या महिन्यांत सौरपट्ट्यांना ऊन नाही, बॅटरी संपली की नोंद तुटते. वसंतात कोणीतरी जातो, कललेली तिवई सरळ करतो आणि वहीत लिहितो, की अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंतच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

म्हणजे तिथेही रेघा आहेत. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या नोंदींतही आहेत.

मग मी पुढे वाचले, आणि थोडी गोंधळले. हे लोक त्या रेघा तशाच ठेवत नाहीत! पुष्कळदा त्या भरतात. जवळच्या दुसऱ्या केंद्राचे आकडे घेतात, दोन्ही केंद्रे चालू असताना त्यांच्यात काय नाते होते ते गणिताने काढतात आणि त्यावरून हरवलेल्या दिवसांचा अंदाज बांधतात. सबंध वर्षाचा जमाखर्च काढायचा तर हे करावेच लागते. मात्र अशा प्रत्येक आकड्याशेजारी एक खूण असते: हा मोजलेला नाही, हा अंदाज आहे. मूळ नोंद वेगळी जपलेली असते आणि तिच्यात ती जागा रिकामीच असते.

ते वाचले आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. कारण नऊ वर्षांपूर्वी मी काय केले होते, ते मला ठाऊक होते.

२०१६ चा जुलै. सात तारखेला ईद झाली आणि चारच दिवसांनी अम्मीला मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागले. मी अकरा दिवस शाळेत नव्हते. त्यातच पंधरा तारखेला आषाढी होती, शाळा बंद. वर्गाला सांगून गेले होते, पण मुले ती मुलेच. परत आले तेव्हा काही रकाने भरलेले होते, काही कोरे होते, एका ठिकाणी दोन वेगवेगळ्या अक्षरांत दोन आकडे होते, आणि एका पानावर चहा सांडलेला होता. दोन दिवसांनी शाळेची तपासणी होती. मी रात्री घरी बसून जुलैचे सगळे पान नव्याने उतरवून काढले. सुवाच्य अक्षर, पट्टीने ओढलेल्या रेषा. कोऱ्या रकान्यांत मला योग्य वाटले ते आकडे लिहिले: कुठे शून्य, कुठे चार, एका ठिकाणी अकरा पूर्णांक दोन. ते दशांश चिन्ह मला आजही आठवते. नुसते अकरा लिहिले असते तर खोटे वाटले असते, म्हणून पुढे दोन लिहिले. जुने पान फाडून टाकले.

तपासणी झाली. वहीचे कौतुक झाले. दोन-तीन वर्षांनी आमच्या एका विद्यार्थिनीने त्या वह्यांवरून जुलैच्या पावसाचा आलेख काढला आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले. बक्षीस घेताना ती माझ्याकडे पाहून हसली. त्या आलेखात २०१६ चा एक खांब होता. मी टाळ्या वाजवत होते.

कोणाचे काय नुकसान झाले? या प्रश्नाशी मी कित्येक वेळा भांडले आहे. एका शाळेच्या वहीतील आठ-दहा आकडे. त्यांवर कोणाचा विमा अवलंबून नव्हता, धरणाचे दार त्यावरून उघडायचे नव्हते. आणि आकडे काही अवाच्या सवा नव्हते. त्या दिवसांत साधारण तेवढाच पाऊस पडला असेल. मग मला वाईट कशाचे वाटते?

माझे उत्तर असे आहे, आणि त्याला मला नऊ वर्षे लागली. अंदाज करणे हा गुन्हा नव्हता. गोव्यातले आणि नॉर्वेतले शास्त्रज्ञ रोज करतात. माझा गुन्हा एका शब्दाचा होता. 'अंदाज' हा शब्द मी लिहिला नाही. आणि तो न लिहिल्यामुळे केवळ ते आठ-दहा आकडेच खोटे झाले नाहीत. जुने पान मी फाडले आहे. आज मलाही सांगता येत नाही की त्या एकतीस रकान्यांपैकी मुलांनी पावसात भिजून मोजलेले कोणते आणि मी दिव्याखाली बसून रचलेले कोणते. खऱ्या आकड्यांची साक्षही मी काढून घेतली. पहाटे छत्री घेऊन मैदानात गेलेल्या एखाद्या पोराचे ते काम होते. त्याला त्याचा पत्ताही नाही.

आपल्या लोकांना ही गोष्ट कळायला कठीण जाऊ नये. एकोणतिसाव्या रात्री आपण गच्चीवर उभे राहतो. आभाळ भरलेले असते. चाँद आहे की नाही ते हिशेबाने सांगणारे घरात चार जण असतात, आणि त्यांचा हिशेब पुष्कळदा बरोबरही असतो. पण 'असणार' ही गवाही होत नाही. ज्याने पाहिला त्याने पाहिला म्हणावे. कोणालाच दिसला नाही तर तीस पूर्ण करावेत. लहानपणी मला याचा राग येई, कारण ईद एक दिवस लांबायची. अब्बा म्हणायचे, "बेटा, न दिसलेला चाँद सांगू नये. ईद काही पळून जात नाही."

अब्बा पाटबंधारे खात्यात होते. पुराच्या दिवसांत नदीच्या पट्टीवर पाणी कुठवर आले ते तासातासाला पाहून कळवायचे, हे त्यांचे बरेच वर्षे काम होते. २००६ च्या ऑगस्टमध्ये भीमेला मोठा पूर आला तेव्हा ते दोन रात्री घरी आले नव्हते. मी त्यांना माझी २०१६ ची गोष्ट सांगितली. मला वाटले, ते रागावतील. ते म्हणाले, "मला पण मोह व्हायचा. रात्री तीनला उठून जायचं, तर वाटायचं, दोनला एवढं होतं, चारला एवढं असेल, मधलं टाकून द्यावं." मी विचारले, "मग टाकलंत कधी?" अब्बा चहा पीत राहिले. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

माणसापेक्षा यंत्र बरे, असे म्हणावेसे वाटते. आता आपल्या राज्यातही 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, दोन हजारांहून अधिक. यंत्राला झोप येत नाही, त्याच्या घरी कोणी आजारी पडत नाही. पण कललेल्या तिवईचा आकडा तसाच पुढे पाठवायचा की त्यावर खूण करायची, हे अखेर माणूसच ठरवतो. मोहाची जागा बदलते, मोह राहतोच.

आणि कधी तो मोह नीच नसतो, दयेतून येतो. आपल्या राज्यात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे त्यावर ठरतात. कासेगावकडे आमचे एक परिचित आहेत, द्राक्षबागवाले. त्यांनी एकदा मला विचारले, "समजा, तुमच्या पात्रात चौसष्ट आले आणि माझी बाग आडवी झालेली आहे. एका मिलीमीटरने काय बिघडतं, सांगा?" मी म्हणाले, मग तो नियम चुकीचा आहे, नियम बदलायला हवा, आकडा नव्हे. आजही माझे मत तेच आहे. पण ते बोलताना मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही, हेही इथे लिहून ठेवते. पगारदार माणसाला खरे बोलणे स्वस्त पडते.

त्यांना मी दुसरे एक सांगू शकले असते, ते तेव्हा सुचले नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३. कुलाब्याच्या माणसाने 'शहर बुडते आहे, मग इथेही एवढा असणारच' असे म्हणून आकडा वाढवला असता, किंवा सांताक्रूझच्या माणसाने 'इतका कसा असेल' म्हणून कमी केला असता, तर त्या दिवशी खरोखर काय झाले ते आपल्याला कधीच समजले नसते. ज्याने त्याने आपल्यापुढच्या पात्राची गवाही दिली, म्हणूनच पावसाचा तो विचित्र स्वभाव कागदावर आला.

कुलाब्यावरून आणखी एक गोष्ट आठवते. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. हवामानाबरोबरच पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे पुढे कित्येक दशके होत राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाचे काटे बिघडणार, हे उघड होते. तेव्हा तिथले संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस, पारशी गृहस्थ, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारून घेतली. चुंबकावर परिणाम होणार नाही असा दगड आणि सामान वापरून इमारत बांधली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले, पण त्यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या जागेत किती फरक आहे ते कळावे आणि साखळी तुटू नये. ट्राम १९०७ मध्ये धावली. जुनी पट्टी टाकण्याआधी ती नव्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली पाहिजे, एवढीच ती गोष्ट. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते लोक तेव्हा जन्मलेही नव्हते. ज्याने ठेव ठेवली तो मालक ओळखीचा असतो, म्हणून अमानत राखणे एक वेळ सोपे. इथे मालक अजून यायचा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. तिने मला विचारले होते, "टीचर, लिहून पाऊस वाढतो का?"

नाही वाढत. हिमनदीवर काठी रोवल्याने हिमनदी वाचत नाही. १९७९ नंतरच्या काळात आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. ते दाखवता आले, कारण कोणीतरी इतकी वर्षे आकडे लिहीत होते. पण लिहीत होते म्हणून तापणे थांबले नाही. उलट तिथवर जायला विमान लागते, जहाज लागते, त्यांचाही धूर होतोच. घर जळत असताना दारात उभे राहून ज्वाळेची उंची मोजणाऱ्याला आपण काय म्हणू? या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि शास्त्रज्ञांकडे आहे असे मला वाटत नाही. बहुधा ते असे म्हणतील, की विझवणे हे सगळ्यांचे काम आहे आणि मोजणे हे आमचे. बहुतेक दिवशी मला ते पटते. काही दिवशी नाही पटत.

पण न मोजण्याचे काय होते, ते मी पाहिले आहे. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद होती. चाचाही गावी निघून गेले होते. पर्जन्यमापक मैदानाच्या कोपऱ्यात उभे होते आणि माझे घर तिथून चालत दहा मिनिटांवर. पहिले काही आठवडे बाहेर पडणे अवघड होते, हे खरे. जूननंतर तसे नव्हते. पण शाळा बंद म्हणजे वही बंद, असे मी धरून चालले. चौदा ऑक्टोबरला पंढरपुरात जो पाऊस कोसळला तो इथल्या कोणी विसरणार नाही. कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा माणसे गेली. मागोमाग नदीला पूर आला. बारा वर्षांच्या आमच्या वहीतला तो बहुधा सर्वांत मोठा पाऊस असता, आणि तिथे रेघही नाही. त्या वर्षीचे पानच नाही. तहसीलचा आकडा मिळवून मी लिहू शकले असते, आणि 'तहसीलचा आकडा' असे शेजारी लिहिले तर ते चुकीचेही नाही. पण आमच्या मैदानातल्या पात्रात किती पडला, हे आता जगात कोणालाच कधी सांगता येणार नाही. पात्र भरले असेल, वाहिले असेल, पुढे उन्हाने वाळले असेल. पाऊस येऊन गेला, आणि तो मोजायचे काम ज्यांच्याकडे होते ते घरी होते.

या वर्षी मी आठवीच्या वर्गात २०१६ ची वही घेऊन गेले. हिमनदीचा पाठ संपला होता. कललेली तिवई फळ्यावर काढून झाली होती, खूण कशी करतात तेही सांगून झाले होते. मी जुलैचे पान उघडले, मुलांसमोर लाल पेनने त्याच्याभोवती चौकट काढली आणि वर लिहिले, 'या महिन्यातील काही आकडे मोजलेले नाहीत. कोणते, ते माहीत नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली. हात थरथरत होता की नाही ते सांगता येत नाही, पण अक्षर चांगले आले नाही.

वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "कोणी लिहिले होते टीचर?"

"मी."

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, फारशी बोलत नाही. या वर्षी पात्राची किल्ली तिच्याकडे आहे. तिने हात वर केला आणि विचारले, "आणि जून?"

मी म्हणाले, जून खरा आहे.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग तिने वही आपल्याकडे ओढली आणि जूनचे पान उघडून पाहू लागली.